खाजणातला चिखल आणि एकरी चारशे टनांचा हिशेब

खानापूर तालुक्यातील एका निवृत्त गुरुजींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कारवारजवळ काळी नदीच्या काठी त्यांच्या सासुरवाडीकडून आलेली काही एकर खाजण, म्हणजे बांध घालून खाडीतून मिळवलेली, जमीन आहे. पंधरा वर्षांपूर्वी बांध फुटला, भाताची लावण बंद झाली आणि खारे पाणी आत येऊ लागल्यावर तिथे तिवर आणि कांदळ ही खारफुटीची झाडे आपोआप वाढली. आता एक मध्यस्थ येऊन सांगतो की, या जमिनीत एकरी चारशे टन कार्बन आहे आणि त्याचे पैसे कार्बन क्रेडिट म्हणून, म्हणजे हवेतला कार्बन साठवून ठेवल्याबद्दल, मिळतील. हा आकडा खरा मानावा काय, कांदळवनातील कार्बन मोजतात तरी कसा, आणि बेळगावच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना नेऊन दिल्यास भागेल काय, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

गुरुजी, चारशेचा आकडा कुठून आला असावा, याचा अंदाज मला करता येतो. 2011 साली डोनाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंद-प्रशांत महासागराच्या पट्ट्यातील 25 कांदळवनांची मोजणी करून ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात हेक्टरी सरासरी 1,023 टन कार्बन आढळला होता. एक हेक्टर म्हणजे 2.47 एकर, म्हणून 1,023 ला 2.47 ने भागले की एकरी 414 येतात. भागाकार बिनचूक आहे, पण तो आपल्या जमिनीचा नाही. त्या सरासरीत काही ठिकाणचा गाळ तीन मीटरपेक्षाही खोल होता, आणि त्याच अभ्यासात एकूण साठ्यापैकी मातीचा वाटा 49 ते 98 टक्के इतका वेगवेगळा निघाला होता. ज्या सरासरीच्या पोटात एवढा फरक आहे, ती काळीच्या काठच्या पंधरा वर्षांच्या तिवरांना लावणे म्हणजे निपाणीच्या तंबाखूचा उतारा पाहून चंदगडच्या भाताचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

त्याच निष्कर्षातील दुसरी गोष्ट मात्र आपल्यालाही लागू पडते. कांदळवनातील कार्बनचा मोठा भाग झाडात नसतो, झाडाखालच्या चिखलात असतो. भरतीचे पाणी रोज येत-जात असल्यामुळे त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ पोहोचत नाही, त्यामुळे मुळे, पाने आणि नदीने वाहून आणलेला पालापाचोळा पूर्ण कुजत नाही आणि वर नवा गाळ बसत गेला की तो शतकानुशतके तसाच दडपून राहतो. चिखलात पाय रुतल्यावर सडक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो याच प्राणवायूविरहित कुजण्याचा आहे. म्हणून कांदळवनाचा कार्बन काढायला निघालेला माणूस नुसता फीत घेऊन झाडांचे घेर मोजत फिरला, तर तो तिजोरी सोडून खिशातील सुटे पैसे मोजत बसला, असे मी समजतो.

तरीही सुरुवात झाडांपासूनच करू, कारण ते काम सोपे आहे. जमिनीवर एक रेघ ठरवून तिच्यावर पंचवीस-पंचवीस मीटरवर सात मीटर त्रिज्येची वर्तुळे आखतात. रेघ पाण्याच्या कडेपासून आत बांधाकडे जाणारी असावी, कारण काठावरची चिप्पी, मधला कांदळ आणि आतल्या बाजूची तिवर यांची वाढ सारखी नसते. अशी सहा वर्तुळे घेण्याचा प्रघात आहे. वर्तुळातील पाच सेंटिमीटरपेक्षा जाड प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे सुमारे 1.3 मीटरवर, मोजायचा आणि 3.14 ने भागून व्यास काढायचा. बारीक रोपे मधल्या दोन मीटरच्या छोट्या वर्तुळात मोजली तरी पुरते. कांदळाला आधारमुळे असतात आणि ती पुष्कळदा छातीच्या वरपर्यंत चढलेली असतात. अशा झाडाचा घेर सर्वांत वरचे आधारमूळ जिथे खोडाला मिळते, त्याच्या तीस सेंटिमीटर वर मोजावा लागतो. तिवरीला बुंध्यापासून दोन-तीन खोडे फुटलेली असतात. ती छातीच्या उंचीखाली फुटली असतील, तर प्रत्येक खोड वेगळे झाड धरावे.

व्यासावरून वजन काढण्यासाठी झाड तोडावे लागत नाही. इतरांनी आधी झाडे तोडून, वाळवून, वजन करून सूत्रे बसवलेली आहेत. त्यांपैकी कोमियामा आणि सहकाऱ्यांनी 2005 साली दिलेले सामाईक सूत्र आपल्याकडे बरेच वापरले जाते. व्यास सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा 2.46 वा घात करायचा, त्याला लाकडाच्या घनतेने आणि 0.251 ने गुणायचे, की जमिनीवरच्या भागाचे कोरडे वजन किलोत मिळते. मुळांसाठी व्यासाचा 2.22 वा घात, घनतेचा 0.899 वा घात आणि 0.199 यांचा गुणाकार करतात. दहा सेंटिमीटर व्यासाची तिवर घेऊ आणि तिच्या लाकडाची घनता 0.65 धरू. वरचा भाग सुमारे 47 किलो आणि मुळे सुमारे 22 किलो भरतात. वरच्या भागाच्या वजनात कार्बन साधारण 45 टक्के आणि मुळांत 39 टक्के धरतात. म्हणजे त्या झाडात अंदाजे 30 किलो कार्बन झाला. हेक्टरी अशी दीड हजार झाडे असतील, तर 45 टन.

या गणितात एक खाच आहे. व्यास मोजताना दहाचे अकरा झाले, तर चूक दहा टक्क्यांची राहत नाही, वजन 26 टक्क्यांनी फुगते, कारण व्यासाचा जवळजवळ अडीचवा घात होतो. घनतेची चूक तितकी वाढत नाही, ती सरळ प्रमाणात उतरते, पण तीही लहान नाही. कांदळाचे लाकूड जड, चिप्पीचे हलके. सगळ्यांना एकच घनता लावणारा अहवाल हातात आला, तर तो कुठल्या झाडांवरून काढला आहे, हे आधी विचारावे. जिथे त्या जातीचे आणि त्या किनाऱ्याचे वेगळे सूत्र उपलब्ध असेल, तिथे सामाईक सूत्रापेक्षा ते घ्यावे.

मेलेली लाकडे आणि खाली पडलेला पाला यांची मोजणीही पद्धतीत आहे, पण आपल्या जमिनीपुरती ती मी बाजूला ठेवतो. पाला भरतीबरोबर वाहून जातो आणि वाळलेले लाकूड सरपणाला जाते.

आता चिखलाकडे येऊ. आपला तिसरा प्रश्नही इथेच येतो. बेळगाव भागातील ऊस उत्पादकाला माती परीक्षणाची पद्धत तोंडपाठ असते. शिवारात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, सहा-आठ इंच खोलीपर्यंतची माती काढायची, ढेकळे फोडून काडीकचरा काढायचा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असे करत अर्धा किलो माती पिशवीत भरून द्यायची. अहवालात सेंद्रिय कर्बाची, म्हणजे कुजलेल्या पाल्या-मुळ्यांतून आलेल्या कार्बनची, टक्केवारी येते. ती 0.5 च्या खाली असेल तर कमी आणि 0.75 च्या वर असेल तर जास्त. ही पद्धत खताची मात्रा ठरवण्यासाठी बनवलेली आहे आणि त्या कामाला ती उत्तम आहे. कांदळवनाला मात्र ती तीन ठिकाणी अपुरी पडते.

पहिले म्हणजे खोली. सहा इंचांच्या खाली जो मीटर-दोन मीटर गाळ आहे, तो हिशेबातच येत नाही. दुसरे असे की, टक्केवारी सांगते शंभर ग्रॅम कोरड्या मातीत किती ग्रॅम कर्ब आहे, पण एका हेक्टरवर एक मीटर खोलीत कोरडी माती किती टन आहे, हे सांगत नाही. ते कळण्यासाठी स्थूल घनता लागते, म्हणजे जागेवर असताना ठरावीक घनफळात किती ग्रॅम कोरडी माती बसली होती, याचे मोजमाप. पिशवीत कालवून भरलेल्या अर्धा किलो चिखलावरून ते कधीही काढता येत नाही. तिसरी अडचण रसायनाची आहे. शेतीच्या प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब बहुधा वॉकली-ब्लॅक पद्धतीने काढतात. या पद्धतीत कर्बाचे पूर्ण ऑक्सिडीकरण होत नाही, म्हणून सुमारे 77 टक्केच झाले असे मानून 1.3 ने गुणतात. खाऱ्या चिखलातील क्लोराइडही तेच रसायन खाते आणि कर्ब आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. एक चूक खाली ओढते आणि एक वर. त्या एकमेकींना नेमक्या छेदतील, यावर भिस्त ठेवता येत नाही.

हे मी अनुभवावरून लिहीत आहे. कांदळवनाच्या मोजणीच्या आमच्या पहिल्या हंगामातील नमुने एका प्रयोगशाळेत दिले होते. तिथल्या लोकांनी शिरस्त्याप्रमाणे ते वाळवले, कुटले आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळले. चाळणीवर राहिलेल्या बारीक मुळ्या कचरा म्हणून टाकून दिल्या. खरे तर कर्बाचा चांगला हिस्सा त्या मुळ्यांतच होता. चूक त्यांची नव्हती. सोबतच्या चिठ्ठीवर आम्ही नुसते ‘माती’ असे लिहिले होते.

नमुना काढायचे अवजार साधे असते. अर्धनळीच्या आकाराचा, एक मीटर लांबीचा, पाच सेंटिमीटर व्यासाचा पोलादी पन्हळ, त्याची एक कड धारदार आणि वर आडवी मूठ. बाहेरून मागवला तर महाग पडतो. आम्ही तो उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडून स्टेनलेस स्टीलमध्ये करून घेतला. त्याने आधी हा उसाच्या गुऱ्हाळातला काही भाग आहे काय असे विचारले आणि नंतर कड इतकी धारदार करून दिली की पहिल्याच दिवशी एकाचा अंगठा कापला. पन्हळ चिखलात सरळ दाबायचा, पूर्ण खोलीवर गेल्यावर मूठ धरून दोन-तीन वेळा गोल फिरवायचा, म्हणजे धार बाजूच्या मुळ्या कापते आणि आतला गाळ बाजूच्या गाळापासून सुटा होतो. मग फिरवत-फिरवतच हळूहळू वर ओढायचा.

उघडा पन्हळ फळीवर आडवा ठेवला की जमिनीचा उभा छेद समोर येतो. वरचे दहा-पंधरा सेंटिमीटर तपकिरी, मुळ्यांच्या जाळ्याने भरलेले असतात. त्याखाली निळसर करडा, लोण्यासारखा गुळगुळीत गाळ लागतो. कधी मध्येच तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा थर किंवा वाळूची पट्टी येते. बाहेरचा पृष्ठभाग चाकूने खरवडून काढायचा, कारण ओढताना वरचा चिखल खाली फासला जातो. नंतर 0 ते 15, 15 ते 30, 30 ते 50 आणि 50 ते 100 सेंटिमीटर अशा प्रत्येक टप्प्याच्या मधोमध नेमका पाच सेंटिमीटर लांबीचा तुकडा पट्टी लावून कापायचा. एका मीटरखाली अजून गाळ असेल, तर तो वेगळ्या टप्प्यात घ्यायचा, आणि मुरूम किंवा खडक लागेपर्यंतची एकूण खोली सळई घालून किमान तीन ठिकाणी पाहून ठेवायची.

आमच्या पन्हळातील पाच सेंटिमीटरच्या तुकड्याचे घनफळ 49 घनसेंटिमीटर भरते. तो भट्टीत 60 अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवल्यावर 29.5 ग्रॅम भरला, तर स्थूल घनता 0.60 झाली. कापताना पाचाऐवजी सहा सेंटिमीटरचा तुकडा घेतला आणि नोंद पाचाची केली, तर घनता एकदम वीस टक्क्यांनी वाढते. सगळ्या मोजणीत मला या चाकूच्या रेघेची जितकी काळजी वाटते, तितकी उपग्रहावरून काढलेल्या क्षेत्रफळाची वाटत नाही. बंद नळी ठोकून नमुना घेणारे लोक आणखी एक चूक करतात. नळी शंभर सेंटिमीटर आत जाते आणि आत गाळ फक्त पंच्याऐंशी सेंटिमीटर सापडतो, कारण तो दबलेला असतो. दबलेल्या गाळाची घनता तशीच धरून ती शंभर सेंटिमीटरला लावली, तर उत्तर जवळजवळ 18 टक्के जास्त येते. वाळवण्याबाबत एक बेळगावी सूचना अशी की, आषाढ-श्रावणात भट्टीतून काढलेला नमुना टेबलावर तासभर जरी राहिला, तरी हवेतील ओलावा शोषून पुन्हा जड होतो. तो ओलावा शोषणाऱ्या बंद कुपीत थंड करून लगेच तोलावा.

कर्बाची टक्केवारी काढण्याची चांगली पद्धत म्हणजे मूलद्रव्य विश्लेषक यंत्र. नमुना जाळून निघालेला वायू ते मोजते. शिंपल्यांचे तुकडे असतील, तर आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने त्यांतील चुना काढून टाकावा लागतो, नाहीतर चुन्यातील कार्बनही सेंद्रिय म्हणून मोजला जातो. थेंब टाकल्यावर फसफसले की चुना आहे, हे शाळेतल्या मुलांनाही दाखवता येईल. स्वस्त पर्याय म्हणून नमुना 450 अंशांवर काही तास जाळून वजनातील घट पाहतात. आपल्या किनाऱ्यावर मात्र हा पर्याय डोळे झाकून वापरू नये. सह्याद्रीच्या जांभ्यावरून येणाऱ्या गाळात लोहाची जलयुक्त खनिजे असतात. ती तीनशे अंशांच्या आसपास आपले पाणी सोडतात, चिकणमातीही त्यापुढे सोडू लागते आणि ती घट आपण सेंद्रिय पदार्थाच्या नावावर मांडतो. म्हणून वीसेक नमुने दोन्ही पद्धतींनी तपासून आपल्याच गाळाचे नाते बसवावे आणि मग उरलेल्यांना जाळण्याची पद्धत लावावी.

इतके झाल्यावर गणित एका ओळीचे आहे. स्थूल घनता गुणिले खोली सेंटिमीटरमध्ये गुणिले कर्बाची टक्केवारी, म्हणजे हेक्टरी टन. घनता 0.60, खोली 100 आणि कर्ब 5 टक्के असेल, तर 300 टन. हे प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे काढून बेरीज करायची. हवामान बदलावरील आंतरशासकीय समितीने, म्हणजे आयपीसीसीने, 2013 च्या पाणथळ जमिनींच्या मार्गदर्शिकेत एक मीटर खोलीसाठी कांदळवनाच्या मातीचा सर्वसाधारण आकडा हेक्टरी 386 टन दिलेला आहे, खनिज माती असेल तर 286 आणि सेंद्रिय माती असेल तर 471. मोजणी शक्यच नसेल तेव्हा हे आकडे वापरायचे असतात. मोजणी करणाऱ्याने ते आपले उत्तर पार भलतीकडे तर गेले नाही ना, एवढे पाहण्यापुरते जवळ ठेवावेत.

एका जागेचे उत्तर म्हणजे शिवाराचे उत्तर नव्हे. समजा, आपल्या सहा वर्तुळांत एकेकदा पन्हळ घालून हेक्टरी 210, 340, 280, 395, 260 आणि 315 टन अशी उत्तरे आली. सरासरी 300 झाली. पण या सहांमधील चढ-उतार पाहता, 95 टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की खरी सरासरी 232 ते 368 यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. ही मर्यादा दहा टक्क्यांवर आणायची असेल, तर सहाऐवजी वीसेक वर्तुळे लागतील. ज्या अहवालात सरासरीच्या पुढे हा अधिक-उणे आकडा नाही, त्यावर मी तरी सही करणार नाही.

क्षेत्रफळाची चूकही याच्यावर गुणली जाते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालात कर्नाटकातील कांदळवन अवघे 13 चौरस किलोमीटर होते, महाराष्ट्रात 324. ती मोजणी ज्यांतील एक ठिपका 23.5 मीटरचा असतो अशा उपग्रह चित्रांवरून होते आणि एक हेक्टरपेक्षा लहान तुकडा तिच्यात धरला जात नाही. काळीच्या काठी कांदळ पुष्कळदा खाडीच्या कडेने चार-सहा झाडांच्या रुंदीच्या पट्टीत असतो, त्याला लागून माडाच्या बागा असतात. अशा पट्ट्या चित्रात गळतात किंवा माडात मिसळतात. आपल्या जमिनीपुरते हे दुखणे नाही. चारही कोपऱ्यांवर जीपीएस घेऊन चालत फिरावे आणि येणारे क्षेत्र उताऱ्यावरच्या एकर-गुंठ्यांशी ताडून पाहावे.

आता मूळ आकड्याकडे परत येतो, आणि मध्यस्थाने ज्याबद्दल मौन पाळले असावे, तो मुद्दा हा आहे. साठा वेगळा आणि वाढ वेगळी. समजा, मोजणीत खरोखरच हेक्टरी 300 टन माती-कार्बन निघाला. तो आपल्या पंधरा वर्षांच्या तिवरांनी साठवला काय? आपली जमीन खाजण होती, कुमठ्याकडे तिलाच गजनी म्हणतात. बांध घालण्यापूर्वी, कित्येक पिढ्यांआधी, ती खाडीचाच भाग होती. मीटरभर खालचा करडा गाळ त्या काळातला आहे. त्यानंतर बांध आणि खारे पाणी रोखणारी मानशीची झडप आल्यावर भाताची नांगरट झाली आणि वरच्या थरातील काही कर्ब उलट हवेत गेलाही असेल. पंधरा वर्षांत भर पडली ती फक्त नांगरटीच्या जुन्या थराच्या वर. पन्हळातील छेदात तो थर पुष्कळदा ओळखता येतो. तो घट्ट असतो, त्यात गंजाच्या तांबूस रेषा असतात आणि कधी भाताच्या जुन्या मुळांचे धागे दिसतात. त्याच्या वरचा मऊ गाळ तेवढा नवा. तो किती जाड आहे, ही आपल्या जमिनीवरची सर्वांत महत्त्वाची मोजणी आहे, आणि तिला पट्टीखेरीज काही लागत नाही. जाडीवर विश्वास बसत नसेल, तर शिसे-210 या शिशाच्या किरणोत्सारी प्रकारावरून थरांचे वय काढता येते. त्याचे अर्धे आयुष्य सुमारे 22 वर्षांचे असल्यामुळे गेल्या शंभरेक वर्षांतील गाळ त्याने चांगला वाचता येतो.

पुन्हा भरतीचे पाणी मिळू लागलेल्या कांदळवनाच्या मातीत दरसाल किती कार्बन जमतो, यासाठी त्याच आयपीसीसी मार्गदर्शिकेत हेक्टरी 1.62 टन हा आकडा आहे. पंधरा वर्षांचे सुमारे 24 टन झाले. वर काढलेले झाडांतील 45 टन त्यात मिळवले तर 69, म्हणजे एकरी 28 टन. झाडांची संख्या आणि जाडी मी उदाहरणासाठी धरलेली आहे, आपल्याकडे ती कमी-जास्त असेल. तरीही चारशे आणि अठ्ठावीस यांतील अंतर मोजणीच्या चुकांनी भरून निघणारे नाही.

शिवाय कार्बन क्रेडिटच्या बाजारात विकले जाते ते कार्बन डायऑक्साइडच्या टनांत. एक टन कार्बनचे 3.67 टन कार्बन डायऑक्साइड होतात. कोणी आकडा सांगितला की तो यातला कोणता, हे पहिल्यांदा विचारून घ्यावे, कारण एकाच साठ्याचा आकडा एवढ्या एका शब्दाने पावणेचारपट करता येतो. आणि क्रेडिटसाठी केलेल्या प्रकल्पात मोजली जाते ती प्रकल्पामुळे झालेली वाढ. आपोआप उगवलेली जुनी झाडे आणि पूर्वजांच्या काळचा गाळ तिच्यात बसत नाही. किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार कांदळवन सर्वाधिक संरक्षित वर्गात येते, म्हणजे ते तोडणे आधीच निषिद्ध आहे. त्यामुळे ‘आम्ही तोडणार होतो, आता तोडत नाही’ असा दावाही टिकणार नाही. खाऱ्या पाणथळींच्या पुनरुज्जीवनासाठी कार्बन क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या व्हेरा संस्थेची व्हीएम-0033 ही जी कार्यपद्धती वापरली जाते, तिच्यात बाहेरून वाहून आलेला कार्बन वजा करावा लागतो आणि मिथेन वायूही हिशेबात धरावा लागतो.

काळीच्या बाबतीत हे दोन्ही मुद्दे कागदावर ठेवून चालत नाही. ही नदी जोयडा तालुक्यातल्या दाट रानांतून खाली येते. तिच्या गाळात रानातला पालाही असतो, आणि सुपा, कोडसळ्ळी, कद्रा या धरणांत अडकून राहिलेला गाळ मुखापर्यंत पोहोचत नाही. स्थिर समस्थानिकांवरून, म्हणजे कार्बनच्या हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणावरून, उसासारख्या पिकाचा कर्ब कांदळाच्या कर्बापासून वेगळा ओळखता येतो, पण रानातला साग-किंदळ आणि खाडीतला कांदळ यांचे समस्थानिक जवळजवळ सारखे दिसतात. त्यामुळे बाहेरचा किती आणि घरचा किती, हे ठरवणे इथे कठीण जाते. मिथेनचे असे की, पाण्याची क्षारता हजारी 18 च्या वर असेल तर तो नगण्य धरतात, आणि त्याखाली गेल्यास आयपीसीसी वर्षाला हेक्टरी 193.7 किलो धरायला सांगते. मृगापासून गणपतीपर्यंत काळीच्या खाडीत घाटावरचे गोडे पाणी भरलेले असते. म्हणून क्षारतेची नोंद उन्हाळ्यातली एकच न ठेवता वर्षभराची ठेवावी.

खानापूरच्या वाचकाला हे पाणी परके वाटू नये. देगावला उगम पावणारी म्हादई पुढे मांडवी होऊन गोव्यात चोडणच्या कांदळवनाला गाळ आणि गोडे पाणी पुरवते. तिथला हिशेबही अर्धा घाटावर आणि अर्धा खाडीत आहे.

तेव्हा मध्यस्थाला आपण तीन गोष्टी लेखी मागाव्यात. चारशे टन कार्बनचे की कार्बन डायऑक्साइडचे, किती खोलीपर्यंतचे, आणि नांगरटीच्या थराच्या वरचे की खालचेही धरून. कशावरही सही करण्यापूर्वी स्वतः एकदा पन्हळ घालून पाहावा. त्यासाठी दिवाळीनंतरची कोणतीही अमावास्या किंवा पौर्णिमा पाहून जावे, कारण उधाणाची ओहोटी खोल उतरते आणि चिखलात उभे राहायला दोन-अडीच तास मिळतात. ओहोटी लागताच आत शिरावे आणि पाणी परत फिरायच्या आत बांधावर यावे. सोबत पट्टी, चाकू, फळी, जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि शिसपेन्सिल असू द्यावी. पेनची शाई खाऱ्या पाण्यात धुऊन जाते. चिठ्ठीवर वर्तुळाचा क्रमांक, खोली आणि तुकड्याची लांबी लिहून ती पिशवीच्या आत टाकावी आणि तीच नोंद पिशवीवर बाहेरूनही करावी. कारवारहून जोयडा-रामनगरमार्गे बेळगावला येताना नमुने बर्फाच्या डब्यात ठेवले, तर वाटेत कुजत नाहीत. प्रयोगशाळेत देताना चिठ्ठीवर नुसते ‘माती’ न लिहिता ‘मुळ्यांसह, न चाळता’ असे लिहावे.